आकड्याचं माहेर: फूट-मीटरच्या घोळावर घरगुती तोडगे

कपाट तीन सेंटिमीटर उंच निघालं. चार माणसांनी ते लिफ्टमधून उभं-आडवं करत सातव्या मजल्यावर आणलं, बेडरूममध्ये उभं करायला गेले आणि ते वर बीमला टेकलं. माझ्याकडे माप होतं, कारखान्याकडे माप होतं, दोन्ही कागदांवर एकच आकडा होता: ७.६ फूट.

चूक माझीच. आमच्या सुतारकाकांनी टेप लावून मला सांगितलं होतं, “वहिनी, सात सहा लिहा.” म्हणजे सात फूट सहा इंच. मी लिहिलं ७.६. कारखान्यात सगळं मिलिमीटरमध्ये चालतं, तिथल्या मुलाने इमानदारीत ७.६ ला ३०४.८ ने गुणलं आणि २३१६ मिलिमीटरचं कपाट कापलं. सात फूट सहा इंच म्हणजे २२८६. तीस मिलिमीटर वाढले कुठे, तर त्या टिंबात.

त्यानंतर मी असे घोळ जमवायलाच लागले. परळला आमच्या सोसायटीची क्रीडा समिती माझ्या गळ्यात आहे, मुलगा क्रिकेट खेळतो, सासूबाई नववारी नेसतात आणि नोकरी हिशेबाची. त्यामुळे फूट, मीटर, वार, पाऊंड, किलो हे सगळे पाहुणे आमच्याकडे एकाच वेळी उतरलेले असतात. खाली लिहिलंय ते वर्षभर ठेचा खाऊन कळलेलं आहे. गुणाकार येत नाही म्हणून हा घोळ होतो असं मला आधी वाटायचं. गुणाकार मोबाईल करतो. घोळ त्याच्या आधीच झालेला असतो.

आधी टिंब तपासा

माप चुकलंय असा संशय आला की पहिल्यांदा कागदावरचं टिंब बघा. फूट आणि इंच यांच्यामध्ये आपण सर्रास टिंब देतो, पण फुटात इंच बारा असतात, दहा नाहीत. ५.८ असं लिहिलेली उंची पाच फूट आठ इंच असेल तर १७२.७ सेंटिमीटर. खरोखरच दशांश धरली तर १७६.८. लग्नाच्या बायोडेटात चार सेंटिमीटर वाढले तर कुणी तक्रार करणार नाही, पण दाराच्या चौकटीत चार सेंटिमीटर म्हणजे दार पुन्हा कारखान्यात.

स्प्रेडशीटमध्ये तर हे टिंब आणखी खोड्या काढतं. शोभायात्रेच्या लेझीम पथकासाठी मी सगळ्यांच्या उंच्या मागवल्या होत्या, लहानापासून उंचापर्यंत रांगा लावायला. यादी क्रमाने लावली तर पाच फूट दहा इंचांचा मुलगा पाच फूट दोन इंचांच्या मुलीच्या पुढे. कारण ५.१० टाकलं की शीट शेवटचं शून्य उडवून ५.१ करते, आणि ५.१ हे ५.२ पेक्षा लहान. पाच फूट अकरा इंचांचा त्याचा मित्रही ५.११ म्हणून त्याच्याच मागे येऊन उभा. उपाय सोपा आहे. रकाना एकच ठेवा आणि त्यात नुसते इंच लिहा, ७०, ६२, ७१. नाहीतर सरळ सेंटिमीटर. दोन एककांचं माप एका टिंबात कोंबायचं नाही.

सुतारांकडे याच्या पुढची पायरी असते. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण ३.२ मिलिमीटर. “चौतीस तीन” म्हणजे चौतीस इंच तीन सूत, ८७३ मिलिमीटर. तुम्ही ३४.३ इंच लिहिलंत तर होतात ८७१. दोन मिलिमीटर कमी वाटतात, पण ड्रॉवरचं चॅनल बसवताना सुतारकाकांचा चेहरा बघा.

आणि गावच्या जमिनीचा सातबारा काढलात तर तिथे एका आकड्यात दोन टिंबं. ०.४०.५० याचा अर्थ शून्य हेक्टर, चाळीस आर, पन्नास चौरस मीटर. म्हणजे ४०५० चौरस मीटर, जवळजवळ नेमका एक एकर. आमच्या दिरांनी ते ‘पॉइंट चार हेक्टर’ म्हणून सोडून दिलं होतं. ५० चौरस मीटर म्हणजे मुंबईत एक ऐसपैस वन बीएचके, हे त्यांना नंतर आठवलं.

या टिंबावर मराठीत एक उतारा आधीपासूनच आहे, आपण तो वापरत नाही एवढंच. सात फूट सहा इंच म्हणजे साडेसात फूट. मी काकांना “म्हणजे साडेसात ना?” असं विचारलं असतं, तर हात आपोआप ७.५ लिहिता झाला असता आणि कपाट बसलं असतं. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द बारा इंचांच्या फुटाला आणि सोळा औंसांच्या पाऊंडाला अगदी चपखल बसतात. तीन इंच म्हणजे पाव फूट, नऊ इंच म्हणजे पाऊण. दशांशाची भाषा मीटरची आहे. फुटाशी आपल्या आजोबांच्या भाषेत बोलावं.

मग गोल आकडा कुठल्या बाजूला आहे ते बघा

ही माझी सर्वात लाडकी चाचणी. कुठलंही माप दोन्ही एककांत मांडा. ज्या बाजूला आकडा गोल, सुबक येतो, ते त्या मापाचं माहेर. दुसऱ्या बाजूचा आकडा सासरी गेलेला, नाव बदललेला.

फुटबॉलचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. असले आकडे शुद्धीवर असलेला कोणी माणूस मुद्दाम ठरवणार नाही. फूट-यार्डात आणा: आठ यार्ड रुंद, आठ फूट उंच. फ्री किकला भिंत ९.१५ मीटरवर, म्हणजे दहा यार्ड. बास्केटबॉलची रिंग ३.०५ मीटरवर, म्हणजे दहा फूट. टेबल टेनिसचं टेबल २.७४ मीटर लांब, म्हणजे नऊ फूट. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४० बाय ६.१० मीटर, म्हणजे ४४ बाय २० फूट. या सगळ्यांचं माहेर फूट-यार्डात. कबड्डीचं पुरुषांचं मैदान मात्र १३ बाय १० मीटर, त्याला फुटात नेलं तर तेच ४२ फूट आठ इंच असं ओशाळं होतं.

उलटं उदाहरण आपल्या मुंबईतलंच. झोपडपट्टी पुनर्वसनात घर आधी २२५ चौरस फुटांचं मिळायचं, मग २६९ आणि नंतर ३००. मधला २६९ हा आकडा मला कायम खटकायचा. कुणी २६९ का ठरवेल? चौरस मीटरमध्ये आणल्यावर उलगडलं: २५ चौरस मीटर. त्या एका वेळी नियमाचं माहेर मीटर होतं, आधी आणि नंतर फूट.

याचा उपयोग काय? माप माहेरच्या एककातच घ्यायचं. कोर्ट आखायचं तर टेपची फुटाची बाजू वर ठेवा आणि ४४-२० मोजा, १३.४० शोधत बसू नका. रूपांतर केलेला आकडा कुणीतरी कुठेतरी गोळाबेरीज केलेला असतो. त्याच्यावर आपण पुन्हा गोळाबेरीज केली की चूक व्याजासकट वाढते.

पिच दरवर्षी वेगळी का येते

आमच्या सोसायटीच्या स्पर्धेत हा वाद दरवर्षी व्हायचा. गेल्या वर्षी पिच लांब होती, यंदा छोटी आहे, बॉल लवकर येतोय. हरलेल्या टीमला काहीतरी हवंच असतं म्हणून मी दुर्लक्ष करायचे. एकदा मोजली तर खरंच छोटी होती.

पिच २२ यार्डांची, म्हणजे ६६ फूट, म्हणजे २०.१२ मीटर. ही लांबी जमीन मोजायच्या जुन्या साखळीची आहे, एक साखळी म्हणजे २२ यार्ड. मुलांनी काय केलं होतं, तर २०.१२ मधले बारा सेंटिमीटर ‘चालतंय’ म्हणून सोडले होते. आणि त्याच्या आदल्या वर्षी मोजलं होतं एका बाजूच्या स्टंपपासून दुसऱ्या बाजूच्या पॉपिंग क्रीजपर्यंत. पॉपिंग क्रीज स्टंपच्या पुढे चार फूट, १.२२ मीटर असते. म्हणजे पिच तिथेच सव्वा मीटर लांब झाली होती. लक्षात ठेवायचं ते एवढंच: २२ यार्ड हे स्टंप ते स्टंप. बॅट्समनची रेघ त्यानंतर, दोन्हीकडून आत चार-चार फूट.

दुसरी भानगड टेपची. फायबरचा लांब टेप एका बाजूला १०० फूट दाखवतो, मागे ३० मीटर. १०० फूट म्हणजे ३०.४८ मीटर, तेव्हा दोन्ही बाजू एकाच ठिकाणी संपत नाहीत. मैदानात टेप ओढताना मधेच पीळ पडतो आणि टोकाला उभा असलेला पोरगा मागची बाजू वाचतो. म्हणून आता आमच्याकडे टेपच्या मीटरच्या बाजूला विसाव्या मीटरच्या आसपास हातभर चिकटपट्टी मारलेली आहे. हास्यास्पद दिसतं, पण तेव्हापासून वाद नाही. आणि टेपचं शून्य नेमकं कुठे आहे तेही बघा. काहींचं कडीच्या बाहेरच्या कडेपासून सुरू होतं, काहींचं कडीनंतर थोडी कोरी पट्टी सोडून. स्टीलच्या छोट्या टेपचा हूक किंचित हलतो ती मात्र खराबी नाही, हुकाच्या जाडीइतकं ते हलणं मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं आणि बाहेरचं माप दोन्ही बरोबर यावं म्हणून. मी एकदा तो हातोडीने घट्ट केला होता. तुम्ही करू नका.

सर्कलचंही तसंच. ‘तीसचं सर्कल’ म्हणतात म्हणून मुलं तीस मीटर टाकतात. ते तीस यार्डांचं आहे, २७.४३ मीटर. अडीच मीटरने फिल्डर लांब गेला की एकेरी धावा फुकट. टीव्हीवर षटकार मीटरमध्ये मोजतात, बॉलिंगचा वेग किलोमीटरमध्ये, आणि समालोचक त्याच वाक्यात ‘ट्वेंटी-टू यार्ड्स’ म्हणतात. पोरांचा दोष तरी काय.

एका गोष्टीत मात्र एककाची कटकटच नाही. क्रीज पिचला काटकोनात आहे का हे बघायला तीन-चार-पाचची दोरी. तीन फूट, चार फूट, पाच फूट घ्या, नाहीतर तीन मीटर, चार मीटर, पाच मीटर, नाहीतर आपल्या चपला लावा. काटकोन तोच येतो.

जिथे आकडा हे नुसतं नाव असतं

नळाची गळती सुरू झाली आणि तुम्ही पट्टी घेऊन पाइप मोजलात, तर डोकं फिरेल. अर्धा इंची लोखंडी पाइपची बाहेरची जाडी २१.३ मिलिमीटर भरते, म्हणजे पाऊण इंचाहूनही जास्त. प्लंबर खोटं बोलत नसतो. ‘अर्धा इंची’ हे त्या पाइपचं नाव आहे, माप नाही. त्याचंच मेट्रिक नाव १५ एमएम. पाऊण इंचाचं २०, एक इंचाचं २५. गंमत पुढे आहे: प्लॅस्टिकचे काही पाइप बाहेरच्या जाडीवरून ओळखले जातात, तेव्हा ‘२० एमएम’ म्हणजे एका दुकानात पाऊण इंची आणि दुसऱ्या दुकानात खरोखर बाहेरून वीस मिलिमीटर. मी नागदेवी स्ट्रीटवरून दोनदा चुकीचं फिटिंग आणल्यावर शहाणी झाले. आता आकडा घेऊन जात नाही, जुना तुकडाच रुमालात गुंडाळून नेते. दुकानदार आट्यात आटे फिरवून बघतो आणि देतो.

टीव्हीचे इंच हे तिरकस, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे. आपल्याकडे वजनमाप कायद्यामुळे खोक्यावर १०८ सेंटिमीटर आधी आणि ४३ इंच नंतर छापतात, पण भिंतीतल्या खोबणीला दोन्ही आकडे बिनकामाचे. ४३ इंची टीव्हीची रुंदी साडेसदतीस इंचांच्या आसपास असते. खोबणीसाठी तेवढंच विचारा. आणि एसीचा टन हे वजन नाही, हे मला सासऱ्यांना समजवावं लागलं. दीड टनाने गॅलरी पडेल अशी त्यांना खरीच भीती होती.

प्लायवूड तर अर्धनारीनटेश्वर. लांबी-रुंदी फुटात, ‘आठ बाय चार’, आणि जाडी मिलिमीटरमध्ये, ‘अठरा एमएम’. इथे भाषांतर करूच नका. दुकानात जसं बोलतात तसंच बोला.

साडीचं मात्र उलट झालं, तिथे नाव खरं निघालं. वार म्हणजे यार्ड, छत्तीस इंच. दुकानात साडी साडेपाच मीटर म्हणून देतात, आणि सहा वार म्हणजे ५.४९ मीटर, म्हणजे सहावारी अगदी नेमकी सहावारीच आहे. ६.३० लिहिलेलं असेल तर ब्लाउजपीस धरून. नववारी ८.२३ मीटर. दादरला एकदा विक्रेत्याने “मावशी, नऊ मीटरची आहे, भरपूर कापड” असं कौतुकाने दाखवलं, तर सासूबाई म्हणाल्या, “जास्तीचा पाऊण मीटर कासोट्यात कोंबू का?”

जागेचे व्यवहार

इथे चूक महाग पडते म्हणून थोडं सावकाश. करारात कार्पेट एरिया चौरस मीटरमध्ये असतो, दलाल बोलतो चौरस फुटात. गुणायचं १०.७६४ ने. एका मीटरचे ३.२८ फूट हे डोक्यात पक्कं असतं, म्हणून भलेभले ३.२८ ने गुणतात. ४२.५ चौरस मीटरचे ४५७ चौरस फूट व्हायला हवेत, तर १३९ येतात आणि मग फसवलं गेल्याची बोंब. डोक्यातल्या डोक्यात अंदाज करायचा तर दहापट करा आणि वर थोडं ठेवा.

गावाकडे गुंठा हा १०८९ चौरस फुटांचा, ३३ फूट बाय ३३ फूट, आणि आर हा १०० चौरस मीटरचा. दोन्हींत सव्वा टक्क्यापेक्षाही कमी फरक आहे, त्यामुळे बोलताना लोक एकाला दुसरा म्हणून खपवतात. बोलण्यात चालेल, खरेदीखतात नाही. वाळू-खडी घेताना ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. ट्रक आल्यावर आतली लांबी, रुंदी, उंची फुटात मोजा, गुणा, शंभराने भागा. इथेही मधेच मीटरमध्ये शिरायचं नाही.

मंडळांसाठी एक. मूर्ती फुटात सांगतात, रस्त्यावरच्या कमानीची उंची पाटीवर मीटरमध्ये असते. ४.५ मीटर म्हणजे १४ फूट ९ इंच. बारा फुटांची मूर्ती आणि तीन फुटांची ट्रॉली म्हणजे १५ फूट. मुकुट तीन इंचांनी अडकतो. ट्रॉली धरूनच मोजा, आणि जमिनीपासून.

किरकोळ पण पुन्हा पुन्हा होणारं

थर्मामीटरवर ३८.४ दिसलं आणि मुलगा म्हणाला, “अठ्ठ्याण्णवच्या खाली आहे, ताप नाही.” होता १०१. बऱ्याच डिजिटल थर्मामीटरवर बटण दाबून धरलं की सेल्सिअस-फॅरनहाइट बदलतं, पर्समध्ये तेच झालं असणार. घरात एकच ठरवा आणि डॉक्टरांना सांगताना एककही सांगा.

धावायच्या ॲपमध्ये मरीन ड्राइव्हची एक फेरी अचानक सव्वादोनच भरली, तर तुमचा दम कमी झालेला नाही, ॲप मैलांवर गेलंय. जिममधल्या डंबेलवर नुसतं २० कोरलेलं असेल तर उचलून बघा: २० पाऊंड म्हणजे नऊ किलो. टायरच्या हवेचं मशीन ‘बार’ या एककावर असेल आणि तुम्हाला ३२ पीएसआय हवं असेल तर २.२.

राहिली मुलाची बॅट. प्रशिक्षकांनी चिठ्ठीवर २.८ लिहून दिलं होतं. दोन पाऊंड आठ औंस, ११३४ ग्रॅम. दशांश धरलं असतं तर १२७० ग्रॅमचं लाकूड तेरा वर्षांच्या मनगटावर आलं असतं. मी शहाणपणाने दुकानात जाऊन म्हटलं, “अकराशे चौतीस ग्रॅमच्या आसपासची दाखवा.” दुकानदार काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मागे हात घातला आणि एक बॅट काढून काउंटरवर ठेवली.

“अडीच पाऊंड सांगा ना, वहिनी.”